गोपनीयतेची मर्यादा : समुपदेशकाच्या अभ्यासातील एक पाठ

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक खेडे. शहर त्याच्या भोवती वाढत गेले, जवळच जवाहरलाल नेहरू विद्यापीठ उभे राहिले, आणि गावाच्या अरुंद गल्ल्यांतील भाड्याच्या खोल्या परगावच्या विद्यार्थ्यांनी भरून गेल्या. राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था येथेच आहे; भारतीय पुनर्वास परिषदेचे कार्यालयही फार दूर नाही. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री ज्या बसमध्ये एका तरुणीवर अमानुष अत्याचार झाला, त्या बसमध्ये ती मुनिरक्याच्या थांब्यावरच चढली होती. त्यानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली व २०१३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास मात्र कायद्याने त्याआधीपासूनच मनाई होती, म्हणून वृत्तपत्रांनी तिच्यासाठी टोपणनावे योजिली. समुपदेशनाचा कायदा शिकू पाहणाऱ्याने आरंभ येथूनच करावा. कोणती गोष्ट कोणाला सांगू नये, कोणाला सांगता येते आणि कोणाला सांगितलीच पाहिजे, या तीन प्रश्नांत या विषयाचा बहुतेक भाग सामावलेला आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात समुपदेशकाला परवान्यासाठी कायदा व नीती यांची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या अधिनियमान्वये पुनर्वास परिषदेकडे होते. इतर समुपदेशकांना दीर्घकाळ कोणतीच नोंदवही नव्हती. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय अधिनियमाने वर्तनविषयक आरोग्यसेवकांचा एक वर्ग मानला असून परवाना परीक्षेची तरतूदही त्यात आहे. परीक्षा असो वा नसो, पुढील तरतुदी समुपदेशकाला मुखोद्गत असाव्या लागतात. कारण खोलीत बसलेला सल्लार्थी उत्तरासाठी थांबत नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम २३ ने रुग्णास गोपनीयतेचा अधिकार दिला आहे. त्याला अपवाद आहेत. दुसऱ्या व्यक्तीचे हानीपासून किंवा हिंसेपासून रक्षण करणे आवश्यक असेल तर माहिती देता येते. परंतु त्या विशिष्ट हानीच्या निवारणापुरतीच. परीक्षार्थी नेमका हा उत्तरार्ध विसरतात. धोक्याची सूचना देण्याची मुभा मिळाली म्हणजे सगळी टिपणवही उघडण्याची मुभा मिळाली, असे नव्हे. हे कलम आरोग्य व्यावसायिकांविषयी बोलते. ज्या समुपदेशकाचे नाव कोणत्याच नोंदवहीत नाही, त्याने ते निदान नीतिनियम म्हणून पाळावे.

या अपवादामागील विचार समजण्यासाठी टॅरासॉफ खटला उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे भारतातून शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञाजवळ एका तरुणीला ठार मारण्याचा हेतू बोलून दाखविला होता. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. त्यांनी त्याला काही काळ ताब्यात घेऊन सोडून दिले. तरुणीला कोणीच काही सांगितले नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये तिचा खून झाला. १९७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्याच्यावर संकट येऊ घातले आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजणे हे चिकित्सकाचे कर्तव्य आहे. हा निर्णय भारतात बंधनकारक नाही. आपल्याकडील कलमाची भाषा ‘सांगता येते’ अशी आहे, ‘सांगितलेच पाहिजे’ अशी नाही.

‘सांगितलेच पाहिजे’ ही भाषा येते ती पॉक्सो अधिनियम, २०१२ मध्ये. समजा, भाड्याच्या खोलीत राहणारी सतरा वर्षांची मुलगी समुपदेशकाकडे येते आणि आपल्या मित्राशी असलेले शरीरसंबंध सांगते. तिची तक्रार नाही. उलट, घरी कळू नये एवढीच तिची विनवणी आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती हा कायदा मानीत नाही. कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकास वा स्थानिक पोलिसांस दिली पाहिजे. न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत, तिने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास, अहवालात तिची ओळख न देण्याची सवलत डॉक्टरांना दिली. ती सवलत समुपदेशकाने आपल्याकडे ओढून घेऊ नये. मुलगी बोलली नसती तर बरे झाले असते, असे समुपदेशकाच्या मनात येईल. पण मदतीचे दारच त्यामुळे बंद होते. म्हणून गोपनीयतेची सीमा पहिल्याच भेटीत, तिने काही सांगण्याआधी, तिला समजेल अशा शब्दांत स्पष्ट करणे हाच प्रामाणिक मार्ग उरतो. तक्रार करावी लागलीच, तर तेही तिला आधी सांगावे आणि तिची सोबत सोडू नये.

सर्वांत काळजीपूर्वक रचलेली तरतूद एचआयव्ही व एड्स अधिनियम, २०१७ याच्या कलम ९ मध्ये आढळते. बाधित व्यक्तीच्या जोडीदारास तिची स्थिती सांगण्याची मुभा आरोग्यसेवकांपैकी फक्त वैद्य व समुपदेशक यांना आहे, आणि तीही चार अटी पुऱ्या झाल्यावर: जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका असला पाहिजे, स्वतः सांगण्याविषयी बाधित व्यक्तीचे समुपदेशन झालेले असले पाहिजे, ती सांगणार नाही अशी खात्री पटली पाहिजे, आणि आपण सांगणार आहोत हे तिला कळविलेले असले पाहिजे. एवढे करूनही, विशेषतः बाधित व्यक्ती स्त्री असेल आणि त्यामुळे तिला मारहाण होईल वा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर समुपदेशकाने सांगू नये. भारतीय घराचे वास्तव कायद्याच्या मसुद्यात इतके स्पष्ट क्वचितच उतरते.

जुनी पुस्तके वाचताना एक सावधगिरी हवी. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या अधिनियमातील कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेतून वगळले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत ते सर्वसाधारण कलम राहिलेलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. तरीही पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात खरे कारण न सांगणारी कुटुंबे आढळतात. त्यांना हा बदल समजावून देणे हेही समुपदेशकाचेच काम आहे.