पदवीला परदेशी भाषेची जोड

भायखळ्याचे नाव निघताच राणीचा बाग, जे. जे. रुग्णालय, भाजीबाजार आणि गिरण्यांच्या चाळी डोळ्यांपुढे येतात. परदेशी भाषांशी या वस्तीचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि मुंबईत परभाषेच्या ज्ञानावर कर्तृत्वाची इमारत उभी राहिल्याची ठळक उदाहरणे शोधू गेल्यास ती याच परिसरात सापडतात. पदवी हाती घेऊन नोकरीच्या शोधात फिरणाऱ्या आजच्या तरुणांस त्यांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

भायखळ्याचे दोन दाखले

बगदादहून निघालेले डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थायिक झाले. अरबी, हिब्रू, फारसी व तुर्की या भाषा त्यांना अवगत होत्या. इंग्रजी मात्र त्यांना फारशी येत नसे. त्यांच्या पेढीचा पत्रव्यवहार दीर्घकाळ हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबी भाषेतून चाले. कापूस, अफू आणि कापड यांचा हा व्यापार पुढे हाँगकाँग, शांघाय व लंडनपर्यंत पसरला. या व्यापारातील अफूचा भाग आज अभिमानाने सांगण्याजोगा नाही. परंतु दूरदेशीच्या बाजाराशी त्या बाजाराच्या भाषेत बोलू शकणाऱ्या माणसांवर ही पेढी उभी होती, हे नाकारता येणार नाही. १८६४ मध्ये पूर्ण झालेले मागेन डेव्हिड हे यहुदी प्रार्थनामंदिर, आज मसिना रुग्णालय ज्या वास्तूत आहे तो ससून यांचा बंगला आणि राणीच्या बागेतील घड्याळाचा मनोरा या त्या काळाच्या खुणा भायखळ्यात अजून उभ्या आहेत.

दुसरा दाखला डॉ. भाऊ दाजी लाड यांचा. गोव्यातील मांद्रे या गावी जन्मलेले भाऊ दाजी हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील पदवीधर होत. व्यवसायाने ते वैद्य होते. पण संस्कृतचे आणि प्राचीन लिपींचे ज्ञान संपादन करून त्यांनी अजिंठ्यासारख्या ठिकाणचे शिलालेख वाचले आणि आपले निष्कर्ष इंग्रजीतून मांडले. त्यामुळे एका मराठी माणसाचे संशोधन युरोपातील विद्वानांपर्यंत पोहोचू शकले. २ मे १८७२ रोजी जनतेस खुल्या झालेल्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, ते सर्वार्थाने उचित होते.

या दोघांत साम्य एकच आहे. एकाजवळ व्यापाराचे ज्ञान होते, दुसऱ्याजवळ वैद्यक व इतिहास यांचे. आणि भाषेमुळे त्या ज्ञानास दूरवरचा ग्राहक वा वाचक मिळाला. परदेशी भाषेच्या आधारे उपजीविका करू इच्छिणाऱ्या पदवीधराने ही गोष्ट प्रथम ध्यानात घेणे अगत्याचे आहे. केवळ भाषा येते म्हणून मिळणाऱ्या जागा थोड्या असतात. स्वतःच्या विषयास भाषेची जोड दिल्याने मिळणाऱ्या जागा त्याहून कितीतरी अधिक असतात.

बदललेली परिस्थिती

भायखळा, लालबाग, परळ या पट्ट्यातील पिढ्यान्‌पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर जगल्या. बापाची जागा मुलास मिळावी, अशी त्या काळची व्यवस्था होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ती मोडली आणि गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्या व उंच इमारती उभ्या राहिल्या. गिरणी कामगारांच्या नातवंडांनी पदव्या मिळविल्या. पण तशाच पदव्या घेतलेले हजारो उमेदवार एकाच दारात उभे राहू लागले. अशा वेळी पदवीत वेगळेपण आणणारे, घरच्या ऐपतीत बसणारे आणि दोन-तीन वर्षांत साध्य होणारे जे मोजके मार्ग आहेत, त्यांत परदेशी भाषेचा समावेश करावा लागेल.

कोणत्या शिक्षणास कोणती संधी

परिचर्या व आरोग्यसेवा : जर्मनी व जपान या देशांत वृद्धांची संख्या वाढत असून परिचारक-परिचारिकांची तेथे तीव्र उणीव आहे. जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला. महाराष्ट्र शासन व जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यातही कुशल मनुष्यबळाबाबतचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला आहे. भारत व जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या करारामुळे ठरावीक क्षेत्रांतील कुशल कामगारांस जपानचा मार्ग मोकळा झाला. त्यांत वृद्धांच्या शुश्रूषेचे क्षेत्रही आहे. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या तरुणींनी व तरुणांनी भाषेचा अभ्यास शिक्षण चालू असतानाच सुरू केल्यास पुढील दोन वर्षे वाचतात. उलटपक्षी, उपचारासाठी मुंबईत येणाऱ्या अरब देशांतील रुग्णांमुळे येथील मोठ्या रुग्णालयांत अरबी दुभाष्यांचीही गरज भासते. अशा कामासाठी परदेशी जावे लागत नाही.

अभियांत्रिकी व उद्योग : मुंबईच्या तांत्रिक शिक्षणाचा आरंभही भायखळ्यातूनच झाला. आज माटुंग्यास असलेली वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था १८८७ मध्ये येथेच सुरू झाली आणि १९२३ मध्ये माटुंग्यास गेली. १९३६ मध्ये स्थापन झालेले साबू सिद्दीक तंत्रनिकेतन आजही भायखळ्यात उभे आहे. पुण्याजवळील चाकणच्या पट्ट्यात जर्मन वाहननिर्मात्यांचे कारखाने आहेत; फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये तेथे सुरू झाला. मुंबईची भुयारी मेट्रो आणि मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे या प्रकल्पांना जपानचे अर्थसाहाय्य लाभले आहे. यंत्राची पुस्तिका मूळ भाषेत वाचणारा व परदेशी तंत्रज्ञाशी प्रत्यक्ष बोलू शकणारा पदविकाधारक अशा ठिकाणी नजरेत भरतो.

वाणिज्य : बहुराष्ट्रीय कंपन्यांची हिशेब तपासणी, देयके, विमा-दावे व ग्राहकसेवा यांची कामे मुंबई, नवी मुंबई व पुणे येथील कार्यालयांतून चालतात. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश वा जपानी जाणणाऱ्या वाणिज्य पदवीधरास येथे मागणी असते आणि वेतनात भाषेचा वेगळा विचार होतो.

विज्ञान व विधी : औषधनिर्मितीतील अहवाल, पेटंटचे अर्ज, आंतरराष्ट्रीय करारनामे यांचे भाषांतर करताना शब्दाची एक चूक लाखोंचे नुकसान करू शकते. म्हणून रसायनशास्त्र वा कायदा जाणणारा भाषांतरकार दुर्मीळ आणि मोलाचा ठरतो.

पर्यटन, कला व अध्यापन : भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात भंगला आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आला. ही हकिगत फ्रेंच पर्यटकास फ्रेंचमधून रंगवून सांगणाऱ्या मार्गदर्शकास आधी इतिहास ठाऊक हवा आणि मग भाषा. जपानच्या अर्थसाहाय्याने जेथे पर्यटनविकासाची कामे झाली, त्या अजिंठा-वेरूळ परिसरात जपानी भाषेलाही वाव आहे. शाळा-महाविद्यालयांतून जर्मन व फ्रेंचच्या अध्यापकांना मागणी असते. चित्रपटांच्या संवादांचे भाषांतर हेही एक वाढते क्षेत्र आहे.

शासकीय सेवा : भारतीय परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या अधिकाऱ्यास एक परदेशी भाषा शिकावीच लागते. परराष्ट्र मंत्रालयात दुभाष्यांचा स्वतंत्र संवर्ग आहे. तद्वतच संरक्षण मंत्रालयाची १९४८ पासूनची परदेशी भाषा प्रशाला दिल्लीत आहे. या जागा मोजक्या असल्या तरी त्यांची प्रतिष्ठा मोठी आहे.

मराठी भाषकाची जमेची बाजू

परदेशी भाषा म्हणजे इंग्रजी शाळेत शिकलेल्यांचेच क्षेत्र, असा एक गैरसमज आढळतो. वस्तुतः मराठी माणसास काही गोष्टी घरूनच मिळालेल्या असतात. जर्मन भाषेत मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. नपुंसकलिंग म्हणजे काय, हे मराठी विद्यार्थ्यास समजावून सांगावे लागत नाही. जपानी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते. 'मी पुस्तक वाचतो' या वाक्याचे शब्द त्याच क्रमाने ठेवले की 'वाताशी वा होन ओ योमिमास' असे जपानी वाक्य तयार होते. 'वा' आणि 'ओ' हे प्रत्ययही आपल्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणे शब्दामागून येतात. हिशेब, वकील, कायदा, अर्ज हे अरबीतून आलेले शब्द, तर बटाटा, पगार, चावी हे पोर्तुगीजांकडून मिळालेले शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. मराठी व्याकरण पक्के असलेल्याने परदेशी भाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही.

किती शिकावे, कोठे शिकावे

युरोपीय भाषांचे प्रावीण्य ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांत मोजले जाते. पहिल्या दोन पायऱ्यांवर बाजारहाटापुरते बोलता येते. नोकरीच्या दृष्टीने खरा उपयोग बी-२ पासून सुरू होतो. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळविण्यासही सामान्यतः बी-२ पायरी अपेक्षित असते. तेथवर पोहोचण्यास सुमारे ६०० ते ८०० तासिका लागतात. दररोज दोन तासिका धरल्या तरी सुट्ट्या जमेस धरून हा दीड-दोन वर्षांचा उद्योग आहे. जपानीची परीक्षा एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्यांची असून मुंबई व पुणे येथे ती देता येते. कुशल कामगार म्हणून जपानला जाण्यास सर्वसाधारणपणे एन-४ किंवा तत्सम परीक्षा लागते. दुभाष्यास मात्र एन-२ च्या खाली भागत नाही.

भायखळ्याच्या विद्यार्थ्यास त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. भायखळा स्थानकातून गाडी पकडली की तिसऱ्या स्थानकावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येते. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर काळा घोडा येथे जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आहे, तर फ्रेंचसाठी न्यू मरीन लाइन्सला आलियाँस फ्राँसेज आहे. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात जर्मन, फ्रेंच, रशियन, अरबी व फारसी यांचे विभाग आहेत. पुण्यात विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चालतो. प्रवेशापूर्वी शुल्क, तासिका आणि अंती कोणती मान्यताप्राप्त परीक्षा देता येईल, या तीन गोष्टींची चौकशी अवश्य करावी.

दोन इशारे

परदेशातील मागणीच्या बातम्या येताच 'सहा महिन्यांत भाषा, नोकरी व व्हिसा' अशा जाहिरातीही झळकू लागतात. आईचे दागिने गहाण ठेवून वा वडिलांच्या निवृत्तीची पुंजी मोडून अशा जाहिरातींच्या मागे लागणाऱ्या कुटुंबांची फसगत होते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी नोकरभरती करणाऱ्या दलालास केंद्र शासनाकडे नोंदणी बंधनकारक केली असून, उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कास ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा नियमांनी घातली आहे. दलालाचा नोंदणी क्रमांक केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येतो. नोंदणी क्रमांक सांगण्यास टाळाटाळ करणाऱ्याच्या हाती एक रुपयाही देऊ नये. त्याचप्रमाणे दोन शासनांत करार झाला म्हणजे नोकरी हाती आली, असेही समजू नये. भाषेची परीक्षा, पदवीची मान्यता व व्हिसा हे टप्पे प्रत्येकास स्वतःच पार करावे लागतात.

दुसरा इशारा यंत्राबद्दलचा. साधे पत्र वा सूचना यांचे भाषांतर आता संगणक क्षणार्धात करतो, आणि तेवढ्यावर अवलंबून असलेले काम कमी होत जाणार हे उघड आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी घाबरलेल्या रुग्णाचे म्हणणे डॉक्टरांस नेमके सांगणे, करारातील संदिग्ध कलम ओळखणे किंवा यंत्राने केलेली चूक पकडून तिची जबाबदारी घेणे, हे विषय जाणणाऱ्या माणसाचेच काम आहे. वरवर भाषा शिकलेल्यास यंत्राची भीती आहे. सखोल शिकलेल्याच्या हाती तेच यंत्र उपयुक्त साधन ठरते.

समारोप

ससून यांच्या पेढीतील कारकून आणि भाऊ दाजी यांच्यासारखे वैद्य यांना आजच्यासारख्या सोयी नव्हत्या. आज भाषावर्ग, ग्रंथालये, परीक्षाकेंद्रे लोकलच्या एका फेरीच्या अंतरावर आहेत. प्रत्येक पदवीधराने परदेशी जावे असा याचा अर्थ नाही. अनेकांना आपल्या शहरात राहूनच ही विद्या उपयोगी पडेल. पदवीच्या पहिल्या वर्षातच आपल्या विषयास साजेशी एक भाषा निवडावी, तिला रोजचे दोन तास द्यावेत आणि बी-२ पर्यंत ती सोडू नये. गिरणीच्या भोंग्याने आजोबांचा दिवस आखून दिला होता. नातवंडांना तो स्वतःच आखावा लागणार आहे, आणि त्या आखणीत या दोन तासांना जागा असली पाहिजे.