गिअर अडतो कुठे?

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात जुन्या जीपा आणि पिकअप गाड्या अजून राबताहेत. टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात न्यायचे, कांदा ओतूरला नाहीतर मंचरला न्यायचा, तर याच गाड्या कामी येतात. गाडी जुनी झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते. "गिअर पडत नाही हो!"

मग गाडी मिस्त्रीकडे जाते. घाईघाईने गिअरबॉक्स उतरवला जातो. गाडी चार दिवस उभी राहते. माल शेतात पडून राहतो. खर्च होतो तो निराळाच. आणि कधी कधी शेवटी कळतं काय, की गिअरबॉक्स धडधाकटच होता! बिघाड होता क्लचचा. एखादी केबल सैल झाली होती, नाहीतर एक रबरी वायसर गेला होता.

म्हणून हा धडा. यात गाडी दुरुस्त करायला शिकायचं नाही. बिघाड क्लचचा आहे की गिअरबॉक्सचा, एवढं ओळखायला शिकायचं.

क्लच आणि गिअरबॉक्स

इंजिन चालू असलं की ते सारखं फिरत असतं. चाकं मात्र कधी फिरतात, कधी थांबतात. या दोघांच्या मधे क्लच असतो. बैलाच्या मानेवर जू असलं तर गाडी ओढली जाते. जू काढलं की बैल मोकळा होतो. क्लचचं काम असंच आहे. पेडल वर असलं की इंजिन जुंपलेलं असतं. पेडल दाबलं की इंजिन सुटतं.

क्लचच्या मागे गिअरबॉक्स. रसवंतीतला चरक तुम्ही पाहिला असेल. त्याची दातेरी चाकं एकमेकांना फिरवतात. गिअरबॉक्समध्येही अशीच लहान-मोठी दातेरी चाकं असतात. पहिल्या गिअरात वेग कमी, पण ओढ जास्त. वरच्या गिअरात वेग जास्त, पण ओढ कमी.

चालत्या बैलगाडीत चढायचं असेल तर आपण आधी गाडीबरोबर चार पावलं धावतो. दोघांचा वेग सारखा झाला की चढतो. गिअरचंही तसंच आहे. फिरणाऱ्या दोन भागांचा वेग सारखा झाला, तर ते गुमान एकमेकांत बसतात. नाहीतर दात्यावर दाता आपटतो आणि कर्रर्र आवाज येतो. हा वेग सारखा करण्यासाठी आत बहुधा पितळेच्या कड्या असतात. त्यांना सिंक्रो रिंग म्हणतात. ही युक्ती १९२८ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीने मोटारीत प्रथम आणली.

१९४७ साली महिंद्र कंपनीने विलीज जीप भारतात आणली. त्या जुन्या जीपला पुढे जाण्याचे तीनच गिअर असत. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो होता, पहिल्याला नव्हता. अशा जीपला चालता चालता पहिला गिअर टाकला तर आवाज येणारच. तो बिघाड नव्हे. गाडी थांबवून पहिला टाकावा.

पहिली परीक्षा : इंजिन बंद

गाडी सपाट जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा. चाकांना दगड लावा. इंजिन बंद करा. आता क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहा. एखादा गिअर बसला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये आणा, क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि परत टाका. दात्यासमोर दाता आला की असं होतं.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडले, पण इंजिन चालू केल्यावर अडतात किंवा करकरतात, तर क्लचवर संशय घ्या. क्लच पुरता सुटत नाही.

इंजिन बंद असतानाही गिअर जड जातो किंवा अडतो, तर दांड्याचे जोड, बुश किंवा गिअरबॉक्सचा आतला भाग पाहायला हवा. तेव्हाही आधी बाहेरचे जोड पाहावेत. पेटी मागाहून खोलावी.

दुसरी परीक्षा : रिव्हर्स

हँडब्रेक ओढलेलाच असू द्या. गाडीच्या मागेपुढे कोणी नाही ना, ते पाहा. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा. क्लच पुरता दाबा. मनात पाच आकडे मोजा. मग हळूच रिव्हर्स टाका. पाच मोजूनही कर्रर्र आवाज आला, तर क्लच सुटत नाही हे जवळजवळ नक्की.

क्लच का सुटत नाही?

सोपी कारणं आधी पाहा.

१. पेडलखाली चटई किंवा गोणपाट दुमडलं आहे का? त्यामुळे पेडल खालपर्यंत जात नाही. याला खर्च शून्य!

२. केबलचा क्लच असेल तर केबल ताणून सैल झाली आहे का? ती पुन्हा बेताची आवळावी लागते.

३. तेलाचा क्लच असेल तर डबीतलं तेल कमी आहे का? पेडलपाशी किंवा खाली गिअरबॉक्सच्या बाजूला ओल आहे का? पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावरच गिअर पडत असेल, तर तेलात हवा शिरली आहे किंवा आतला वायसर गेला आहे. या डबीत इंजिनचं ऑइल कधीही घालू नका. त्याने वायसर फुगतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच तेल घाला.

ही तिन्ही कारणं नसतील, तरच आतली क्लच प्लेट पाहायची वेळ येते.

गिअरबॉक्सची लक्षणं

बाकी गिअर नीट पडतात आणि एकच गिअर करकरतो, तर बहुधा त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे.

सकाळी गिअर जड जातात आणि गाडी तापल्यावर हलके पडतात, तर गिअर ऑइल पाहा. ते फार घट्ट किंवा चुकीचं असू शकतं. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ अशी खूण इंग्रजीत छापलेली असते. जीएल-५ च्या काही तेलांनी पितळी रिंगा खराब होतात. तेव्हा आपल्या गाडीला कोणतं लागतं ते विचारून घ्या, आणि डब्यावरचा आकडा स्वतः वाचून पाहा. ४ की ५, एवढं तर आता तुम्हाला येतंच!

चढावर इंजिन गुरगुरतं, गाडी मात्र पुढे सरकत नाही, जळका वास येतो. याला क्लच घसरणं म्हणतात. हा दोष वेगळा. अशा वेळी गिअर नीट पडतात, पण जोर चाकापर्यंत पोचत नाही.

घाटातला धोका

चालता चालता गिअर आपोआप निघून न्यूट्रल होतो, हे सर्वांत वाईट लक्षण. विशेषतः उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की असं होतं. आतले दाते झिजलेले असतात, गिअर धरून ठेवणारी स्प्रिंग थकलेली असते, किंवा इंजिनची बैठक तुटलेली असते.

काही ड्रायव्हर दांडा हाताने दाबून धरतात. असं करू नये. दोष झाकला जातो आणि आतला फोर्क झिजतो. अशी गाडी माल भरून माळशेज घाटात किंवा भीमाशंकरच्या रस्त्यावर नेऊ नये. उतारावर खालचा गिअर असला की इंजिनच गाडीला मागे धरतं. गिअर निघाला की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. डिझेल वाचवायला उतारावर मुद्दाम न्यूट्रल करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. चार पैशांचं डिझेल वाचेल, पण माणूस गेला तर तो परत येत नाही.

मिस्त्रीला चिठ्ठी

तोंडी सांगताना निम्मं विसरतं. म्हणून आधी लिहून काढा. नमुना असा :

"इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. चालू असताना पहिला आणि रिव्हर्स करकरतो. पेडल दोनदा दाबलं की पडतो. पेडलजवळ ओल आहे. आठ दिवसांपासून असं होतं."

पाच ओळी! पण चांगला मिस्त्री त्या वाचून सरळ क्लचच्या तेलाकडे वळेल. गिअरबॉक्सला हात लावणार नाही.

सराव

१. इंजिन बंद असताना गिअर पडतात, चालू असताना अडतात. दोष कशाचा असेल?

२. उतारावर न्यूट्रल का करू नये?

३. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीवर पहिली परीक्षा करा. काय दिसलं ते पाच ओळींत लिहा.