कोवळी फळे का गळतात?

दिल्लीत आणि तिच्या आसपासच्या नगरांत भोपळवर्गीय वेल केवळ शेतातच वाढतात असे नाही. परसातील कुंपण, गच्चीचा कठडा, फार काय सज्जातील मोठी कुंडीदेखील त्यांना पुरते. मराठी वाचकाने मात्र तेथील नावे आधी समजून घ्यावयास हवीत. तेथील 'घिया' किंवा 'लौकी' म्हणजे आपला दुधी. आणि बाजारात 'सीताफल' म्हणून जे विकले जाते ते आपले सीताफळ नव्हे, तर चक्क तांबडा भोपळा होय! फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेल्या वेलीला मे-जूनच्या 'लू' नावाच्या उष्ण वाऱ्यांशी झुंजावे लागते, तर जून-जुलैमध्ये पेरलेल्या वेलीला पावसाळी दमटपणाशी. तेव्हा वेलीचे दुखणे ओळखताना महिना कोणता, हे आधी पाहावे.

घरगुती बागाईतदाराची नेहमीची तक्रार अशी की, वेल जोमाने वाढते, फुलते, सुपारीएवढी फळेही धरतात. परंतु चार-सहा दिवसांत ती पिवळी पडून गळून जातात. वाढत्या फळाकडे बोट दाखविले म्हणजे ते कुजते, हा समज आपल्याकडेही घरोघर आढळतो. उत्तर भारतात तर तो इतका जुना आहे की, 'रामचरितमानसा'तील लक्ष्मण परशुरामाला सुनावतो ते याच दाखल्याने: तर्जनी पाहून मरणारे कोवळे फळ येथे कोणी नाही. समजाचे कारण उघड आहे. मादीफुलाच्या देठाशी असलेला तो इवलासा भोपळा म्हणजे फुलाचा अंडाशय असतो. परागीभवन होण्यापूर्वीच तो फळाचा आकार घेऊन बसलेला असतो, आणि पाहणाऱ्यास फळ धरले असे वाटते. वस्तुतः फळ अद्याप धरलेलेच नसते. नरफुलातील पराग त्याच्यापर्यंत न पोहोचल्यास तो टोकाकडून सुकत जातो व गळतो. बोट दाखविणारा बिचारा निष्कारण दोषी ठरतो.

नर आणि मादी फुले एकाच वेलीवर, पण निरनिराळी येतात. प्रथम बहुधा नरफुलेच येतात व ती एक-दोन दिवसांत गळतात. यात काहीही वावगे नाही. दीर्घ दिवस व कडक उष्णता यांमुळे नरफुलांचे प्रमाण वाढते. नत्रयुक्त खत सढळ हाताने घातल्यास पाने माजतात, फळे मागे पडतात.

पराग वाहून नेण्याचे काम मुख्यतः मधमाश्या करतात. तांबड्या भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते व सकाळ सरता सरता मिटू लागते; उलट दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते आणि निशाचर पतंग त्याच्याकडे येतात. हा भेद ध्यानात न घेतल्याने पुष्कळांचे श्रम वाया जातात. उंच इमारतीच्या सज्जात माश्या क्वचितच फिरकतात. अशा ठिकाणी ताजे उमललेले नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि परागाने भरलेला मधला दांडा मादीफुलाच्या चिकट कुक्षीवर सर्व बाजूंनी हलकेच टेकवावा. कुक्षीच्या एकाच पाळीला पराग लागला तर फळ वाकडे वाढण्याचा संभव असतो. भोपळ्यासाठी हे काम सकाळी लवकर, दुधीसाठी तिन्हीसांजेला करावे.

येथेच एक अनर्थ घडतो. फळे गळताना पाहून कीड लागली असावी अशा समजुतीने फुलांवर कीटकनाशक फवारले जाते. त्याने आधीच थोड्या असलेल्या मधमाश्या मरतात आणि गळ अधिकच वाढते. मग फवारणीही वाढते. म्हणून औषधाला हात घालण्यापूर्वी गळलेले फळ सुरीने चिरून पाहावे. आत अळ्या नसतील व सालीवर छिद्र नसेल, तर परागीभवनच हुकले असण्याचा संभव अधिक. सालीवर टोचल्याची खूण असून तेथे डिंकासारखा थेंब साकळला असेल, तर ते फळमाशीचे कृत्य होय. ही माशी सालीखाली अंडी घालते व अळ्या गर खातात. अळ्या आत असल्यामुळे वरून मारलेले औषध त्यांना पोहोचतच नाही. किडलेली फळे गोळा करून खोल पुरावीत. नुसती कचऱ्यावर टाकली तर नवी माशी तेथूनच उठते. फळ धरल्यावर त्यावर कागदी पिशवी चढविणे हा सोपा व खात्रीचा उपाय आहे.

रोप दोन बीजपत्रांचे असतानाच त्याची चाळण झालेली दिसली, तर तांबडे भुंगेरे आले असे समजावे. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हाच वेचावेत. रोपांवर जाळीचे कापड घालावे, फुले येताच ते काढावे.

पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी दिसली तर ती भुरी. वरून कोनाकार पिवळे डाग आणि खाली करडी-जांभळट बुरशी असेल तर केवडा. भुरीवर गंधक वापरतात खरे, परंतु भर उन्हात त्याने भोपळ्याची पाने करपतात. पाने आखडून पिवळी-हिरवी चितारल्यासारखी झाली, तर रोग विषाणूचा होय व त्यावर औषध नाही. वेल उपटून टाकणेच इष्ट. पांढरी माशी पसरविते त्या एका विषाणूच्या नावातच 'न्यू दिल्ली' आहे. तो प्रथम टोमॅटोवर ओळखला गेला आणि 2012 साली स्पेनमधील भोपळवर्गीय पिकांत प्रकट झाला.

दुपारी पाने मलूल झाली की पाणी ओतण्याचा मोह होतो. तीच पाने सायंकाळी टवटवीत होत असतील तर तो केवळ उन्हाचा परिणाम असतो. सकाळीही ती मलूलच असतील तर मातीत बोट खुपसून पाहावे. माती ओली असूनही वेल मलूल असेल, तर मुळे कुजली असण्याचा संभव असतो; अशा वेळी अधिक पाणी घालणे घातक.

घरच्या वेलीचा दुधी कडू लागला, तर मात्र हयगय करू नये. 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्याल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. कडवटपणाचे मूळ असलेली कुकुर्बिटासिन द्रव्ये शिजवूनही नष्ट होत नाहीत. म्हणून रस काढण्यापूर्वी लहानसा तुकडा चाखावा. कडू लागल्यास थुंकून सबंध फळ टाकून द्यावे. दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नये. प्याल्यावर उलटी, जुलाब किंवा पोटदुखी सुरू झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. शेजारी रानटी वेल असल्यास यंदाचे फळ त्याने कडू होत नाही. पण त्या फळातील बी पेरल्यास पुढील वर्षीच्या वेलीला कडू फळे येऊ शकतात. अशा जागी घरचे बी राखू नये, खात्रीचे बी विकत आणावे.