जबडा सोडवताना हत्यार कोणतं?

शहागड

प्रिय बाळ,

जखडलेला जबड्याचा सांधा सोडवायला फिरता बर चांगला की थरथरीने कापणारा पिझो, असं तू विचारलंस. हाड नेमकं कुठलं कापायचंय ते आधी बघ, हत्यार त्यावरून ठरतं. बाहेरच्या अंगाला हाडाचा गड्डा जाड असतो आणि डोळ्यांसमोर असतो. तिथे बर झपाट्याने काम उरकतो. पाण्याची धार मात्र तुटू देऊ नकोस. 47 अंशांवर मिनिटभर तापलं तरी हाड मरू लागतं. खरी कसोटी आतल्या शेवटच्या काही मिलिमीटरांची. पलीकडे मॅक्सिलरी धमनी आणि शिरांचं जाळं असतं, आणि फिरत्या बरला हाड काय नि धमनी काय, सारखंच. छिन्नीचा घाव अंमळ जोरात बसला तरी तोच धोका, आणि तिची दिशा वर गेली तर गाठ कवटीच्या तळाशी. पिझोचं टोक सेकंदाला साधारण 25 ते 30 हजार वेळा थरथरतं, पण मिलिमीटरच्या अंशानेच. कठीण हाड कापलं जातं, मऊ भाग त्या थरथरीबरोबर हलतो आणि बहुधा वाचतो. म्हणून माझं मत : बाहेर बर, आत पिझो.

पिझो संथ आहे, भूल लांबते, यंत्र महाग आहे, असं तुझे वरिष्ठ म्हणतील. बरोबरच आहे. तुलना करणाऱ्या अभ्यासांतही रक्तस्राव कमी पण वेळ जास्त, असंच बहुधा दिसतं. पण जाड काम बरने झालं असेल तर पिझोचा वेळ थोडक्यात आटोपतो. घाईने दाबलास तर मात्र त्याची थरथर मंदावते आणि उष्णता वाढते. यंत्रच नसेल, तर हाडामागे रिट्रॅक्टर नीट सरकवल्याशिवाय बर आत नेऊ नकोस.

सांधा पुन्हा जखडला तर दोष हत्याराला देऊ नये. बहुधा आतल्या बाजूचं हाड राहून गेलेलं असतं, नाहीतर व्यायाम सुटलेला असतो. 1990 साली शल्यविशारद काबान यांनी मांडलेल्या पद्धतीत टेबलावरच तोंड 35 मिलिमीटर उघडलं पाहिजे, असा आग्रह आहे. पुढे कित्येक महिने दातांत काड्यांची चवड धरून, रोज एखादी वाढवत, दुखलं तरी व्यायाम करायचा. लहानपणी हनुवटीवर पडून जबडा जखडलेलं आपल्याकडचं पोर ऊसतोडीच्या घरातलं असू शकतं. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असली की दसरा-दिवाळीनंतर कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, निघतोच, आणि फडात त्या काड्या मोजायला कोण बसणार? तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख लिहिण्याआधी आईबापाला विचार, टोळी कधी निघते आणि परत कधी येते.

तुझा,
मामा