पाढ्याला चॉकलेट द्यावं का?

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. पाढा पाठ झाला की त्याला चॉकलेट देते. सासूबाई म्हणतात, ही लाच झाली. घंटा वाजवून कुत्र्याला शिकवतात तसंच. बंद करू का? – एक आई, सातारा

उत्तर : लगेच बंद करू नका. घंटेचा कुत्रा शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगातला. घंटा वाजली की त्याला लाळ आपोआप सुटे, करायचं काहीच नसे. तुमचं चॉकलेट मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या वाटेचं : त्याच्या प्रयोगात उंदराने कळ दाबली, मगच दाणा. काम आधी, बक्षीस नंतर, म्हणून ही लाच नव्हे. सासूबाईंची शंका मात्र अगदीच पोकळ नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३च्या प्रयोगात, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना प्रशस्तिपत्राचं आमिष आधी दाखवलं, तेव्हा पुढे त्यांची गोडी घटली. तेच अचानक दिलं, तेव्हा घटली नाही. म्हणून कंटाळवाण्या पाढ्यांना खाऊ चालेल, आवडीच्या गोष्टीच्या पुस्तकाला नको. ‘बारा सक बाहत्तर’ न अडखळता आलं की तिथल्या तिथे शाबासकी द्या. चॉकलेट मात्र हळूहळू दर पाढ्याऐवजी कधीमधी. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय उलट जास्त टिकते. फक्त तो हट्टाला पेटून रडत असताना गप्प करायला चॉकलेट काढू नका. त्यातून तो रडायलाच शिकेल.