हिरव्या पानातील मँगॅनीज आणि चुंबकाची साक्ष

हिरवे पान सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करते आणि त्यातून आपल्याला प्राणवायू मिळतो, हे आपण शालेय वयातच शिकतो. परंतु पाण्याचा रेणू सहजासहजी तुटत नाही. हे अवघड कार्य प्रथिनांच्या वेष्टनात दडलेला एक सूक्ष्म समूह करतो. त्यात चार मँगॅनीज, एक कॅल्शियम आणि त्यांना जोडणारे पाच ऑक्सिजन अणू असतात. त्याचे कार्य कसे उलगडले, हे अभ्यासण्याजोगे आहे.

१९६९ मध्ये फ्रान्समधील प्येर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले. सर्वाधिक ऑक्सिजन तिसऱ्या झोताला आणि त्यापुढे दर चौथ्या झोताला मिळाला. १९७० मध्ये बेसेल कॉक यांनी याचा अर्थ लावला. प्रत्येक झोतासरशी समूह एक इलेक्ट्रॉन गमावतो. चार गमावले की पाण्याच्या दोन रेणूंकडून तेवढेच इलेक्ट्रॉन घेऊन तो ऑक्सिजनचा एक रेणू मुक्त करतो. अंधारात तो एक पायरी आधीच चढलेला असतो, म्हणून पहिल्या खेपेस तीन झोत पुरतात.

हे अनुमान होते; साक्ष हवी होती. ती इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय अनुस्पंदनाने दिली. रशियातील येवगेनी झाव्होइस्की यांनी १९४४ मध्ये कझान येथे हे तंत्र शोधले. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन इवल्या चुंबकासारखा वागतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास तो ठरावीक वारंवारतेच्या सूक्ष्मलहरी शोषतो. रुग्णालयातील एमआरआयचे तत्त्वही असेच, फक्त तेथे अणुकेंद्रांचे चुंबकत्व वापरतात.

१९८१ मध्ये चार्ल्स डिस्म्यूक्स आणि योना सिडरर यांनी पालकाच्या पानांतील हरितलवकांवर झोत टाकून ती तत्काळ गोठवली. वर्णपटात अनेक रेषांचा संकेत उमटला. मँगॅनीजचे अणुकेंद्र स्वतः चुंबक असल्याने रेषा विभागल्या जातात. इतक्या रेषा म्हणजे अनेक मँगॅनीज अणू एकत्र गुंतलेले. हा संकेत पहिल्या आणि पाचव्या झोतानंतर प्रबळ होता. चारांचे चक्र मँगॅनीजच्याच ठायी चालते, हे त्यावरून दिसले.

२०११ मध्ये जपानमधील जियान-रेन शेन आणि नोबुओ कामिया यांच्या गटांनी क्ष-किरणांद्वारे समूहाची स्पष्ट रचना मांडली. मात्र क्ष-किरण मँगॅनीजची अवस्था बदलू शकतात. सूक्ष्मलहरी तसे करीत नाहीत. म्हणून दोन्ही पुरावे ताडून पाहावे लागतात.

पाण्यापासून हायड्रोजन मिळवणाऱ्या काही यंत्रांना आज इरिडियमसारखा दुर्मीळ धातू लागतो. पान मात्र नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींत सापडणाऱ्या मँगॅनीजवर भागवते. ही किमया साधायची, तर आधी ती नीट समजून घ्यावी लागेल. विद्यार्थी मित्रहो, कोणतेही अनुमान कितीही सुसंगत वाटले, तरी स्वतंत्र पुराव्याने पडताळल्यावाचून स्वीकारू नये, हाच या संशोधनाचा धडा आहे.