मशीनच्या दिव्याखाली उघडलेला फोन

ऑगस्ट 2025 ची गोष्ट. सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं आणि आमची ई-पीक पाहणी राहिली होती. 15 ऑगस्ट 2021 ला ही पद्धत राज्यभर सुरू झाली. तेव्हापासून सातबाऱ्यावर आपला पेरा आपणच नोंदवायचा आणि त्यासाठी शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. घरी हे काम माझ्याकडं आहे. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बारीक अक्षर दिसत नाही आणि आमचे हे सकाळीच मोटारसायकलवर जालन्याला कामाला जातात. त्या दिवशी बांधावर उभी राहून कॅमेरा उघडला, तर पडद्यावरचं सोयाबीन पाण्यात बघितल्यासारखं हलत होतं. फोनच्या आतून घुर्र घुर्र आवाज येत होता. फोटो म्हणून आला तो नुसता हिरवा डाग.

जालन्याच्या दुकानात फोन चार दिवस ठेवा म्हणाले. चार दिवस फोन नाही म्हणजे गिऱ्हाइकांचे निरोप बंद, ओटीपी बंद, आणि पाहणीची मुदत जवळ आलेली. मी वाटूरला शिवणकाम करते. फोन कधी उघडलेला नव्हता. तरी तो कॅमेरा मी घरीच बदलला, आणि त्यात एक कायमचं नुकसानही केलं. जे कळलं ते लिहून ठेवते.

1. बिघाड दिसतो त्याच दिवशी झालेला असतो असं नाही. मी मात्र आधी धाकट्या लेकीला बोलले, “तूच पाडला असशील.” ती काही न बोलता दप्तर आवरत बसली. नंतर वाचत गेले तेव्हा समजलं की कॅमेऱ्याचं भिंग आत घट्ट बसवलेलं नसतं. बारीक लोहचुंबक आणि तारेची वेटोळी यांच्या मधे ते अधांतरी धरलेलं असतं. आपला हात हलला की ते उलट बाजूला सरकतं आणि चित्र स्थिर ठेवतं. मोटारसायकलच्या हँडलची थरथर या रचनेला सोसत नाही. ॲपलनं सप्टेंबर 2021 मध्ये स्वतःच्या फोनबद्दल तसं जाहीरच सांगितलं होतं: मोठ्या इंजिनाच्या गाडीच्या हँडलला फोन लावू नका, लहान गाडीवरही थरथर शोषणारं होल्डर वापरा. आमचा फोन दुसऱ्या कंपनीचा आणि गाडीही लहान. पण हा फोन माझ्याकडं येण्याआधी दोन वर्षं यांच्या हँडलवर होता, रोज वाटूर ते जालना आणि परत. माझी खात्री पटली. त्या रात्री मी धाकटीला जवळ घेतलं आणि म्हटलं, “चुकलं माझं. आता मला मदत कर.”

2. न उघडता करून बघण्यासारखं पुष्कळ असतं. फोन बंद करून चालू केला, काच पुसली, कॅमेऱ्याच्या ॲपचा कॅशे साफ केला. पाकिटासारख्या कव्हरला चुंबकाचं बटण होतं, तेही काढून बघितलं, कारण जवळचा लोहचुंबकही आतल्या भिंगाला ओढतो. फरक पडला नाही. पुढचा कॅमेरा मात्र ठणठणीत होता, म्हणजे दोष मागच्यातच.

3. फोनचं नाव म्हणजे त्याची ओळख नव्हे. यांनी जालन्याहून 650 रुपयांचा कॅमेरा आणला. खोक्यावरच्या नावाप्रमाणं बरोबर, पण बोर्डाला जोडायची त्याची पातळ स्ट्रिप उलट्या बाजूला वळलेली. एकाच नावाचा फोन फोर-जी आणि फाइव्ह-जी अशा दोन तऱ्हांत निघाला होता आणि आतली मांडणी वेगळी होती. दुकानदारानं फोनवर विचारलं, “ताई, सेटिंगमधे अबाऊट फोनमधला मॉडेल नंबर बघितला का?” मी बघितलाच नव्हता. मशीनची सुई मागायला गेले तर मी कधी नुसती ‘सुई’ म्हणत नाही, चौदा नंबर की सोळा ते सांगते. बॉबिन तर दिसायला सगळ्या सारख्याच, पण दुसऱ्या मशीनची घातली तर धागा गोळा होतो. एवढं रोजचं माहीत असून फोनच्या बाबतीत ते आठवलं नाही याचं वाईट वाटलं. दुकानदार भला, त्यानं बदलून दिला. आणखी एक सांगितलं: “आधी बॅटरीचं सॉकेट काढा, मगच बाकीच्याला हात लावा.”

4. दुरुस्तीची माहिती मिळणं हा हक्क आहे असं मी आता मनापासून मानते. माझ्या शिलाई मशीनसोबत एक पुस्तिका आली होती. तेल कुठल्या भोकात सोडायचं, शटल कसं काढायचं, सगळं चित्रांसकट. वीस वर्षं झाली, पानं पिवळी पडली, पण मशीन चालू आहे. फोनच्या डबीत जो कागद निघाला त्यावर आत काय आहे याचं एक अक्षर नव्हतं. अमेरिकेत 2003 मध्ये दोन विद्यार्थ्यांना त्यांच्या लॅपटॉपच्या दुरुस्तीची पुस्तिका मिळेना, म्हणून त्यांनी आयफिक्सइट सुरू केलं. आज तिथं हजारो वस्तू उघडण्याची चित्रं फुकट बघायला मिळतात. आपल्याकडं डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं राईट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथं द्यावी असा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण ती माहिती मराठीत, चित्रांसह, माझ्यासारखीला स्वयंपाक आटोपल्यावर वाचता येईल अशी हवी. ज्यांच्या गावातून दुकान लांब आहे त्यांना तिची गरज सगळ्यात जास्त.

5. घाईचा हात कुठं लागतो ते नंतर समजतं. आताच्या बहुतेक फोनच्या मागच्या झाकणाला स्क्रू नसतो, ते गोंदानं चिकटवलेलं असतं. शेजारणीच्या पार्लरमधला ड्रायर आणला. चार्जिंग पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरू दिलं, कारण बॅटरी लिथियमची. तिला टोक लागून भोक पडलं तर ती पेटू शकते, आणि भरलेली असली तर जास्त. कडेकडेनं ऊब दिली, जुन्या एटीएम कार्डाचा कापलेला कोपरा फटीत सरकवला. गोंद तुटताना चिवट धाग्यासारखा ताणला जात होता. तीन कडा सुटल्या, चौथी सुटली आणि मला इतका आनंद झाला की झाकण सरळ वर उचललं. बोटाचा ठसा घेणारं बटण त्या झाकणालाच होतं. त्याची कागदाएवढी पातळ स्ट्रिप खालच्या बोर्डाला जोडलेली होती. कागद फाटावा तसा आवाज झाला. धाकटी म्हणाली, “आई, हे काय तुटलं?” मी उत्तर दिलं नाही. जुनं पोलकं उसवताना मी आधी टाका कुठं पक्का केला आहे ते बोटानं चाचपते, मगच कापड ओढते. इथं चाचपलंच नाही. ते बटण आजही बंद आहे. दर वेळी पिन टाकून फोन उघडते आणि दर वेळी ते आठवतं.

6. काढलेली वस्तू कुठली होती हे डोक्यात ठेवू नये, कागदावर ठेवावं. स्ट्रिप तुटल्यावर मी थांबले, चहा केला, मग कापडाच्या खाक्याप्रमाणं कागदावर फोनचा आकार काढला. त्यावर उलटी चिकटपट्टी लावली. स्क्रू निघेल तसा कागदावर त्याच जागी टेकवायचा. नखावर ठेवून बघितले तर काही आखूड, काही किंचित लांब. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो खालच्या बोर्डातल्या बारीक तारा तोडू शकतो, आणि मग कॅमेऱ्याचं राहू द्या, फोनच गेला. बॅटरीचं सॉकेट सोडवलं, पत्र्याची पट्टी काढली, जुना कॅमेरा चिमट्यानं उचलून बाजूला ठेवला. मोजले तर कागदावर एक स्क्रू कमी. आम्ही दोघींनी सतरंजी झटकली, मशीनखाली बघितलं, धाकटीनं फरशीवर गाल टेकून टॉर्च मारला. अर्ध्या तासानं तिनंच जुना कॅमेरा उलटा केला. तिळाएवढा स्क्रू त्याच्या पोटाला चिकटला होता, आतल्या लोहचुंबकानं धरून ठेवला होता. ज्या चुंबकाबद्दल मी वाचलं होतं तो असा बोटावर दिसला. धाकटीच्या तोंडावरचा आनंद मला अजून आठवतो.

7. माझ्या हाताला पुष्कळ आधीच येत होतं. नव्या कॅमेऱ्याची स्ट्रिप बोर्डावर बसवायची ती ढकलून नव्हे. बरोबर जागेवर आणून वरून बोटाच्या पेरानं दाबायची, की ‘टिच’ असा बारीक आवाज येतो. हे तर पोलक्याचं टिचबटण! आयुष्यात किती हजार लावली असतील. ते नीट बसलं की नाही हे डोळे मिटूनही बोटाला कळतं. तरी पहिल्यांदा फोन चालू केला तेव्हा कॅमेरा उघडतच नव्हता. पोटात गोळा आला. बॅटरी पुन्हा सोडवली, स्ट्रिप उचलली, मशीनचा दिवा जवळ ओढला आणि या वेळी डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवून दाबली. कॅमेरा उघडला. भिंतीवरचं कॅलेंडर स्थिर दिसत होतं, तारखांसकट.

8. गोंद लावण्याआधी फोटो काढून बघावा. मी काढला आणि कोपऱ्यात राखाडी केस दिसला. शिवणाऱ्या बाईच्या खोलीत हवेतही कापसाचे तंतू असतात. एक तंतू भिंगावर बसला होता. काम स्वयंपाकघरात हलवलं, पंखा बंद केला, चष्म्याच्या कापडानं काच आतून पुसली, मगच बी-सेव्हन थाउजंड गोंदाची बारीक रेघ कडेनं ओढली आणि झाकणाला रबर लावून रात्रभर ठेवलं.

9. घरी बसवलेल्या झाकणाचा पाण्याच्या बाबतीत भरवसा धरू नये. कंपनीचा मूळ गोंद निघाला की पाणी अडवणारी कड गेली. म्हणून पावसात फोन मी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. पीक पाहणी मुदतीत झाली. सोयाबीनचं पानन्‌पान दिसेल असा फोटो गेला.

मग सप्टेंबर आला. त्या महिन्यात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो सगळ्यांनी बघितला. आमच्या वावरात पाणी साचून राहिलं. ओसरल्यावर मामा आणि मी गेलो, पंचनाम्याला दाखवायला फोटो हवे होते. मामांनी एक झाड उपटलं, शेंग चिमटीत धरली आणि माझ्यापुढं केली. मी पिशवीतून फोन काढला, पिन टाकली. कॅमेरा जरासुद्धा थरथरला नाही. शेंगेच्या फटीतून निघालेला पांढरा कोंब, त्यावर चिकटलेला चिखलाचा कण, मामांच्या अंगठ्याचं चिरलेलं नख, सगळं स्वच्छ आलं.

मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला.

“दिसायलंय,” म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडं वळले.